शिक्षा झालेला माणूस, शस्त्र आणि आपली राज्यघटना

(परभणी जिल्ह्यातील एका बुद्धविहारात नवदीक्षित कुटुंबांच्या सभेपुढे केलेले भाषण)

उपासक-उपासिकांनो आणि बंधुभगिनींनो,

या सभेचे आमंत्रण घेऊन जी मंडळी माझ्याकडे आली होती, त्यांनी उठता उठता मला एक प्रश्न विचारला. त्यांच्या गावातील एका दांडग्या माणसास मारहाणीच्या खटल्यात सक्तमजुरीची शिक्षा झाली होती. शिक्षा भोगून तो गावी परतला आणि काही महिन्यांतच त्याच्या खांद्यावर पूर्वीची बंदूक पुन्हा दिसू लागली. मंडळींचा प्रश्न असा होता : "वकीलसाहेब, सजा झालेल्या माणसाला बंदूक बाळगता येते काय? आणि त्याला येत असेल, तर ज्यांनी कधी कोणाच्या अंगाला बोट लावले नाही, त्या आम्हांला ती का मिळत नाही?"

प्रश्न दोन वाक्यांचा आहे. परंतु त्याचे उत्तर द्यावयाचे म्हणजे नागरिक, गुन्हेगार आणि सरकार या तिघांचे परस्परांशी असलेले नाते आपल्या राज्यघटनेने कसे ठरविले आहे, हे सांगावे लागते. आज मी तेच सांगणार आहे.

आपणांपैकी कोणाच्या मनात अशी शंका येईल की, ज्यांनी पंचशील ग्रहण केले त्यांच्यापुढे बंदुकीची चर्चा कशासाठी? भगवान बुद्धांनी उपासकाने जे पाच व्यापार टाळावेत म्हणून सांगितले, त्यांत शस्त्रांचा व्यापार आहे, याची मला जाणीव आहे. मी शस्त्राची महती गाण्यास उभा नाही. शस्त्र कोणाच्या हातून काढून घ्यावे, किती काळासाठी काढून घ्यावे आणि तसे करण्याचा अधिकार कोणाचा, हा कायद्याचा प्रश्न आहे. ज्या समाजाने पिढ्यानुपिढ्या शस्त्र पाहिले ते दुसऱ्याच्याच हातात, त्या समाजाला या प्रश्नाकडे पाठ फिरवून चालणार नाही.

जन्माने निःशस्त्र

परमपूज्य बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली जे भाषण तयार केले, त्यात त्यांनी एक मर्मभेदक विचार मांडला आहे. या देशातील खालच्या मानल्या गेलेल्या वर्गांनी आपल्यावरील अन्यायाविरुद्ध बंड का केले नाही, याचे कारण सांगताना ते म्हणतात की, चातुर्वर्ण्याने त्यांना शस्त्र धारण करू दिले नाही, आणि शस्त्रावाचून बंड शक्य नव्हते. म्हणजे आपले पूर्वज निःशस्त्र होते ते त्यांनी काही अपराध केला म्हणून नव्हे. त्यांचा जन्म हाच त्यांचा अपराध ठरविण्यात आला होता.

पुढे इंग्रजी राज्य आले. १८७८ साली शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसास परवान्यावाचून शस्त्र बाळगता येईना. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. तत्पूर्वी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता. त्या कायद्याने कित्येक जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. ज्या मुलाने अजून पाऊलही टाकले नाही, ते मूल कायद्याच्या वहीत गुन्हेगार म्हणून नोंदले गेले. हा कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला, म्हणजे राज्यघटना अमलात आल्यानंतरही अडीच वर्षे तो जिवंत होता. पारधी, कैकाडी इत्यादि समाजांना विचारा. कायदा गेला तरी त्याचा वास पोलीस ठाण्याच्या दारात किती काळ रेंगाळतो, हे ते सांगतील.

आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या हातात शस्त्र आले, तेव्हा नि:शस्त्र रयतेची काय अवस्था झाली, हे आपल्या आजी-आजोबांनी आपणांस सांगितलेले आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांत भारतीय सैन्याच्या कारवाईने ते राज्य संपले. या घटनेला तीन महिने होण्यापूर्वीच दिल्लीत घटना समितीपुढे शस्त्राच्या हक्काचा प्रश्न उभा राहिला.

घटना समितीतील वाद

डिसेंबर १९४८ मध्ये मूलभूत स्वातंत्र्यांच्या कलमावर चर्चा चालू असता श्री. हरि विष्णू कामत यांनी अशी दुरुस्ती सुचविली की, शस्त्र बाळगण्याचा हक्क हा नागरिकाचा मूलभूत हक्क म्हणून लिहावा. या मागणीला इतिहास होता. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांना अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितलेला होता. कारण परक्या सरकारने सारा देश निःशस्त्र केला होता.

बाबासाहेबांनी ही दुरुस्ती स्वीकारली नाही. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता : परिस्थिती बदलली आहे. प्रत्येक मनुष्यास बाजारात जाऊन वाटेल ते मारक शस्त्र निर्वेधपणे विकत घेण्याचा हक्क असेल, तर राज्यकारभार चालविणे शक्य होणार नाही. शस्त्राच्या बाबतीत आपण आग्रह धरावयाचा तो व्यक्तीच्या हक्काचा नव्हे, तर प्रसंगी राष्ट्रासाठी शस्त्र हाती घेण्याच्या तिच्या कर्तव्याचा.

आता कोणी विचारील, १९३६ साली ज्यांनी दलितांच्या निःशस्त्रतेबद्दल खंत व्यक्त केली, त्यांनीच १९४८ साली शस्त्राचा हक्क नाकारावा, हे कसे? मी वकिलीची वीस वर्षे या प्रश्नाचा विचार केला आहे, आणि मला जे उमजले ते असे. गावात शस्त्र विकत घेण्याची ऐपत कोणाची असते? ज्याच्यापाशी शेकडो एकर जमीन आहे त्याची. शस्त्राचा हक्क कागदावर सर्वांना मिळाला असता, तरी प्रत्यक्षात बंदूक गेली असती वाड्यात, आणि आपल्या वस्तीत आला असता तो फक्त तिचा आवाज. यास्तव बाबासाहेबांनी शस्त्र व्यक्तीच्या हातून काढून कायद्याच्या हाती दिले. आणि ज्या सैन्याची दारे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना बंद झाली होती, तेथे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहावी यासाठी झटणारेही तेच होते. राष्ट्राचे शस्त्र सर्वांच्या हाती यावे. खाजगी शस्त्रावर मात्र कायद्याचा लगाम असावा, असे हे धोरण आहे.

म्हणून आपल्या राज्यघटनेत एकोणिसाव्या कलमाने सभा भरविण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, ते "शांततेने व विनाशस्त्र". शीख बांधवांना कृपाण धारण करण्याची मुभा पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात आहे, ती धर्मस्वातंत्र्याचा भाग म्हणून. यापलीकडे शस्त्राचा मूलभूत हक्क आपल्याकडे नाही. १९९३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी जीविताच्या हक्कातून शस्त्राचा हक्क निघतो असे म्हटले होते. परंतु पुढे त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ते मत टिकू दिले नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील विनापरवाना शस्त्रांची स्वतः होऊन दखल घेतली, तेव्हाही आपल्या घटनाकारांनी असा हक्क दिलेला नाही, हीच गोष्ट सांगितली.

परंतु लक्षात ठेवा, ज्या राज्याने तुमच्या हातून शस्त्र घेतले, त्या राज्याने तुमच्या रक्षणाचा भार आपल्या शिरावर घेतला. हा व्यवहार दुतर्फी आहे. एक बाजू पाळावयाची आणि दुसरी विसरावयाची, असे सरकारास करता येणार नाही. माझ्या आजच्या भाषणाचे सारे सार या एका गोष्टीत आहे.

कायदा काय सांगतो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. म्हणजे त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा. त्या अधिकारान्वये १९५९ चा शस्त्र अधिनियम झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस हे विषय मात्र राज्याचे आहेत. म्हणून सण-उत्सवांच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली काठ्या, भाले, तलवारी, बंदुका घेऊन फिरण्यास मनाई करणारे हुकूम निघतात, ते राज्याच्या कायद्याखाली.

शस्त्र अधिनियमाच्या नवव्या कलमात तीन प्रकारच्या माणसांना बंदूक घेण्यास, बाळगण्यास व वाहून नेण्यास मनाई आहे. पहिला, ज्याने वयाची एकवीस वर्षे पुरी केली नाहीत तो. दुसरा, ज्यास हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल कैदेची शिक्षा झाली आहे तो. आणि ही मनाई शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे चालते. पूर्वी ही शिक्षा निदान सहा महिन्यांची असावी लागे. १९८३ च्या दुरुस्तीने ती अट गेली. आता एका दिवसाची कैद झाली तरी मनाई लागू होऊ शकते. तिसरा, ज्याच्याकडून शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून घेण्याचा हुकूम झाला आहे तो. आणि ही मनाई बंधपत्राच्या मुदतीपुरती असते.

या मनाईवर परवान्याचीही मात्रा चालत नाही. परवाना खिशात असला तरी अशा माणसाने बंदूक बाळगणे हा पंचविसाव्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे. जाणूनबुजून त्याला बंदूक विकणारा किंवा देणाराही गुन्हेगार ठरतो. तेव्हा आमंत्रण घेऊन आलेल्या मंडळींना माझे उत्तर असे : तुमच्या गावातील त्या माणसाची शिक्षा संपून पाच वर्षे झाली नसतील, तर त्याच्या खांद्यावरील बंदूक हा गुन्हा आहे. पाच वर्षे उलटली असली, तरी बंदूक त्याला आपोआप परत मिळत नाही. सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक वाटल्यास परवाना नाकारण्याचा, स्थगित करण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास आहे.

संसदेच्या हातालाही मर्यादा आहे

शस्त्राचा मूलभूत हक्क नाही, म्हणून सरकारने शस्त्राच्या नावाखाली वाटेल ते करावे, असे मात्र नाही. तेराव्या कलमाप्रमाणे मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता शून्य आहे. या विषयात मला चार मर्यादा स्पष्ट दिसतात.

पहिली मर्यादा चौदाव्या कलमाची, म्हणजे समतेची. माणसाच्या हातून शस्त्र काढून घ्यावयाचे, तर ते त्याच्या कृत्यावरून. न्यायालयाने पुरावा पाहून दिलेला दोषसिद्धीचा निर्णय हा कृत्याचा दाखला आहे. जात हा कशाचाच दाखला नव्हे. १८७१ चा कायदा आणि १९५९ चा कायदा यांत हेच अंतर आहे.

दुसरी मर्यादा विसाव्या कलमाची. जे कृत्य करतेवेळी गुन्हा नव्हते, त्याबद्दल मागाहून कायदा करून शिक्षा देता येत नाही. आणि कृत्याच्या वेळी जेवढी शिक्षा सांगितली होती, तीहून अधिक शिक्षाही देता येत नाही.

तिसरी मर्यादा जाणिवेची. वस्तू घरात सापडली एवढ्याने ती 'बाळगली' असे होत नाही. १९७२ साली गुणवंतलाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शस्त्राचा ताबा म्हणजे त्याची जाणीव आणि त्यावर हुकमत. १९९४ साली मुंबई बाँबस्फोट खटल्यातील आरोपी, नट संजय दत्त यांच्या प्रकरणात घटनापीठाने हेच तत्त्व धरले : ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, आणि टाडासारख्या कठोर कायद्यातही आपला दहशतवादाशी संबंध नाही हे दाखविण्याची संधी आरोपीस मिळाली पाहिजे. त्याच खटल्यात पुढे संजय दत्त टाडाखालील आरोपातून सुटले. परंतु शस्त्र कायद्याखाली त्यांस दोषी ठरविण्यात आले आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली. आरोपीचा हक्क आणि गुन्ह्याची शिक्षा या दोन्ही गोष्टी एकाच खटल्यात एकत्र नांदू शकतात, हे यातून दिसते.

चौथी मर्यादा शिक्षेच्या प्रमाणाची. मना केलेल्या शस्त्राच्या वापराने कोणाचा मृत्यू झाल्यास फाशीच दिली पाहिजे, असे शस्त्र अधिनियमाच्या २७ व्या कलमात एका उपकलमाने ठरविले होते. न्यायाधीशास विचार करण्यास जागाच ठेवली नव्हती. २०१२ साली पंजाब राज्य विरुद्ध दलबीरसिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते उपकलम घटनाबाह्य ठरविले. संसदेने केलेला शस्त्रांचा कायदाही राज्यघटनेच्या तराजूत घातला जातो, याचे हे उदाहरण आहे.

आणि पाच वर्षांच्या मुदतीत मला एक माणुसकीचा विचार दिसतो. अंगुलिमालाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ज्याच्या नावाने गावे ओस पडत, त्याने शस्त्र टाकले आणि तो भिक्खू झाला. गुन्हा हा माणसाचा कायमचा जन्म होऊ नये. त्याच्यापासून इतरांचे रक्षण झाले पाहिजे. परंतु बदलण्याची वाटही त्याला मोकळी राहिली पाहिजे.

अमेरिकेकडून काय शिकावे

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने अमेरिकेत गाजतो आहे. तेथील राज्यघटनेत १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्राचा हक्क लिहिलेला आहे. पण तो कोणाचा होता? १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात, निग्रो माणसास नागरिक मानले तर त्याला वाटेल तेथे शस्त्र घेऊन फिरता येईल, हे कारण त्याला नागरिकत्व नाकारताना सरन्यायाधीशांनी पुढे केले होते. गुलामगिरी संपल्यावर १८६५ साली मिसिसिपीसारख्या राज्यांनी मुक्त झालेल्या काळ्या लोकांना परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास मनाई केली. हक्क कागदावर आणि शस्त्र गोऱ्याच्या हाती! बाबासाहेबांनी हा हक्क का नाकारला, हे यावरून अधिक उमगते.

तेथील मध्यवर्ती सरकारने १९६८ च्या कायद्याने असे ठरविले की, एक वर्षाहून अधिक शिक्षेस पात्र अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने बंदूक बाळगणे हा गुन्हा होय. आता तेथे शस्त्र हा विषय आपल्याप्रमाणे संघसूचीत लिहिलेला नाही. सर्वसाधारण फौजदारी अधिकार घटक राज्यांचा आहे. म्हणून मध्यवर्ती सरकारने आधार घेतला तो आंतरराज्य व्यापाराचा : बंदुकीने कधी तरी राज्याची सीमा ओलांडली असेल, तर ती आमच्या अधिकारात येते. १९७७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एवढा संबंध पुरेसा मानला. उलट १९९५ साली शाळेच्या परिसरात बंदूक नेण्यास मनाई करणारा मध्यवर्ती कायदा त्याच न्यायालयाने रद्द केला. कारण शाळेजवळील बंदुकीचा व्यापाराशी संबंध त्याला दिसला नाही.

२००८ साली त्या न्यायालयाने शस्त्राचा हक्क व्यक्तीचा आहे असे ठरविले, पण गुन्हेगारांवरील मनाईस धक्का लावला नाही. २०२२ साली शस्त्राच्या निर्बंधास पूर्वेतिहासाचा आधार दाखविला पाहिजे असे सांगितले, आणि त्यामुळे वादाला तोंड फुटले. एक मनुष्य असा की, त्याने १९९५ साली अन्नसाहाय्याच्या अर्जात मिळकतीबद्दल खोटे लिहिले. त्याने कोणावर हात उगारला नव्हता. त्याला तुरुंगवासही झाला नाही. तरी जन्मभर बंदूक बंद! तेथील एका अपील न्यायालयाने २०२३ साली, आणि फेरविचारानंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा, त्याच्या बाजूने निकाल दिला. अन्य काही अपील न्यायालयांनी याच्या उलट मत दिले. मात्र जून २०२४ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने, आपल्या सोबतिणीस मारहाण व धमक्या देणाऱ्या आणि म्हणून प्रतिबंधक हुकूम झालेल्या इसमाच्या हातून बंदूक काढून घेणारा कायदा आठ विरुद्ध एक मताने ग्राह्य ठरविला.

यातून घ्यावयाचा धडा असा की, जो दुसऱ्याच्या जिवास धोका आहे त्याचे शस्त्र काढावे, हे सर्वत्र मान्य होते. वाद उठतो तो मनाई सरसकट व जन्मभराची केल्यावर. आपल्या संसदेने गुन्ह्याचा प्रकार पाहिला आणि काळाची मर्यादा घातली. या बाबतीत आपला कायदा त्यांच्याहून अधिक समंजस आहे.

माझ्या हातून घडलेली चूक

इतके सांगून झाल्यावर मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. मी नुकताच वकिलीस लागलो होतो. पूर्णा नदीकाठच्या एका गावात गायरान जमिनीवरून भांडण झाले. आपल्या लोकांनी ती जमीन वर्षानुवर्षे कसली होती. त्यांच्यावर हल्ला झाला, आणि रिवाजाप्रमाणे दोन्ही बाजूंवर गुन्हे नोंदले गेले. आपल्या पक्षातील एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. त्याच्यावर हत्याराने दुखापत केल्याचा आरोप होता. तारखांमागून तारखा पडत होत्या आणि प्रत्येक तारखेला त्याचा रोज बुडत होता. मी त्याला म्हणालो, "गुन्हा कबूल करून टाक. चार दिवसांची सजा आणि थोडा दंड होईल, मग मोकळा होशील." त्याने माझे ऐकले. सात दिवसांची साधी कैद झाली. घरी जाताना त्याच्या आईने मला हात जोडले.

दोन वर्षांनी त्याला शहरात सशस्त्र पहारेकऱ्याची नोकरी चालून आली. परवान्यासाठी चौकशी झाली आणि ती सात दिवसांची कैद बाहेर आली. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा. पाच वर्षे बंदूक हाती धरता येणार नाही. नोकरी गेली. तो मला काही बोलला नाही. फक्त निकालपत्राची प्रत माझ्या टेबलावर ठेवून उभा राहिला. त्या खटल्यात फिर्यादीचे साक्षीदार एकमेकांशी जुळत नव्हते. तो लढला असता, तर कदाचित निर्दोष सुटला असता. कायदा मी शिकलो होतो. पण शिक्षेची सावली शिक्षेहून लांब पडते, हे मी त्याला सांगितले नव्हते.

म्हणून आज तुम्हांला सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर जे घडले, ज्या तरुणांना अटक झाली, आणि न्यायालयीन कोठडीत असता कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण मरण पावला, ते दुःख अजून ओले आहे. ज्या घरातील मुलावर खटला असेल, त्या घराने तो कंटाळ्याने किंवा घाईने संपवू नये. केलेल्या कृत्याची कबुली देणे हे शील आहे. न केलेल्या कृत्याची कबुली देणे हा स्वतःवरचा अन्याय आहे.

आपण काय करावे

पहिली गोष्ट : गावात तंटा झाला की पोलीस दोन्ही बाजूंच्या लोकांना कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात आणि बंधपत्र मागतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७ व्या कलमाखाली होई. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १२६ व्या कलमाखाली होते. "सही करा आणि जा" असे कोणी म्हटले, तरी काय लिहिले आहे ते वाचून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका. आपले म्हणणे मांडण्याचा हक्क तुम्हांला आहे.

दुसरी गोष्ट : अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ साली नियम झाले. त्यांतील तिसरा नियम प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. जेथे अत्याचार होण्याची किंवा पुन्हा होण्याची भीती आहे असे क्षेत्र सरकारने हेरावे. आवश्यक वाटल्यास तेथील अनुसूचित जाती-जमातींबाहेरील लोकांचे, त्यांच्या नातलगांचे व नोकरांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा शस्त्रे जप्त करावीत. आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी परवाने द्यावेत. राज्याने शस्त्राचा हक्क दिला नाही, तेव्हा रक्षणाचा भार उचलला, असे मी म्हटले. तो भार कोठे लिहिलेला आहे, तर येथे. तेव्हा ज्याच्या बंदुकीची तुम्हांला भीती आहे, त्याचे नाव, त्याच्या खटल्याचा क्रमांक व शिक्षेची तारीख लिहून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नका.

तिसरी गोष्ट : या संरक्षणासाठी अनुसूचित जातीचा दाखला लागतो. धर्मांतराने तो हक्क गेला, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. १९९० च्या दुरुस्ती कायद्याने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना ते स्थान मिळाले आहे. परंतु आजोबा-पणजोबांची मूळ जात दाखविणारी कागदपत्रे जपून ठेवा. धर्म नवा असला तरी कागद जुनाच लागतो.

चौथी गोष्ट : खरीच आवश्यकता असेल, तर परवान्यासाठी अर्ज करण्यास कमीपणा मानू नका. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे शस्त्र अधिनियमाच्या चौदाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. परवाना नाकारल्यास कारणे लिहून ठेवावी लागतात. सार्वजनिक हिताची अडचण नसेल तर ती मागितल्यावर द्यावी लागतात. आणि वरिष्ठांकडे अपील करता येते. गरिबाच्या बाजूने लिहिलेले हे वाक्य गरिबालाच ठाऊक नसावे, हे बरे नव्हे.

पाचवी गोष्ट आपल्या मुलांसाठी. जयंतीच्या मिरवणुकीत तलवार उंचावणे, मोबाईलवर कोयत्यासह छायाचित्र काढून ते जगाला दाखविणे, याने बाबासाहेबांचा मान वाढत नाही. वाढतो तो मुलावरील गुन्ह्यांचा आकडा. कोयता शेतात उसावर चालतो तोवर ते शेतीचे अवजार आहे. माणसावर उगारला की तेच हत्यार होते. जिवावर बेतले असता स्वतःचा बचाव करण्याचा अधिकार कायद्याने तुम्हांला दिलाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो सांगितला आहे, आणि त्याला परवाना लागत नाही.

बंधुभगिनींनो, ज्यांच्या पूर्वजांना अपराधावाचून निःशस्त्र करण्यात आले, त्यांना आज कायद्याने इतके सांगितले आहे : तुझ्या जन्मावरून तुझ्या हातात काय असावे हे कोणी ठरविणार नाही, आणि जो अपराधी आहे त्याच्या हातातील बंदूक खाली उतरविण्याची जबाबदारी राज्याची आहे. हे वचन कागदावर आहे. ते गावात उतरावयाचे, तर कोणी तरी अर्ज लिहिला पाहिजे. ज्या मंडळींनी मला प्रश्न विचारला, त्यांच्या गावचा अर्ज मी आज सभेनंतर येथेच लिहून देणार आहे. सह्या करण्यास त्यांनी थांबावे.

जयभीम.